मदत हवी आहे : कंपोस्टचा ढीग तापत नाही, दुर्गंधी मात्र थांबत नाही

सागरगोटा :
कोकणातील एका लहान नगरपंचायतीच्या कंपोस्ट शेडची देखरेख माझ्याकडे आहे. ढीग तापत नाहीत, खालून काळे पाणी सुटते आणि आंबूस वासामुळे शेजारच्या वाडीतील लोक रोज तक्रार घेऊन येतात. कल्चर (कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे विरजण) दुप्पट टाकूनही उपयोग झाला नाही. दुसरे कोणते कल्चर घ्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

तांबडी माती :
ढिगाची उंची किती आहे, तो किती दिवसांनी पालटता आणि ओल्या कचऱ्यात पालापाचोळा किंवा तूस मिसळता का, हे कळल्याशिवाय कल्चरविषयी बोलण्यात अर्थ नाही.

गोमय :
विकतचे कल्चर ही निव्वळ उधळपट्टी आहे. ताज्या शेणाचा काला शिंपडावा. आमच्या गोठ्यामागच्या खड्ड्यात दुसरे काहीही न घालता उत्तम खत होते.

तांबडी माती :
गोमय, आपल्या खड्ड्यात गोठ्यातला पेंढाही जात असणार, आणि खरे काम तोच करतो. इथे आधीच पाणी सुटत असताना काला ओतणे म्हणजे दुखणे वाढवणे होय.

सागरगोटा :
ढीग गुडघ्याएवढा आहे. पाला मिसळत नाही, तो परस्पर जाळला जातो. मजूर मिळेल तेव्हा पालटतो. मासळीबाजाराचा कचराही येतो, हे लिहायचे राहिले.

हिशेबी :
खत विकण्याचाही विचार करावा. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे शहरी कंपोस्टमधील कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या तुलनेत कर्ब, म्हणजे कार्बन, किती पट) २० पेक्षा कमी असावे लागते आणि शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. राज्य शासनाचे ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव वापरायचे तर प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

गोमय :
ज्यांचा ढीगच सडतो आहे, त्यांना विक्रीचे नियम कशासाठी?

तांबडी माती :
मासळी आणि भाजी या दोहोंत नत्र व पाणी भरपूर असते. कुजण्याच्या सुरुवातीला कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण २५ ते ३० आणि ओलावा ५० ते ६० टक्के असावा. त्याहून ओल वाढली की हवा कोंडते आणि वास सुटतो. गुडघ्याएवढ्या ढिगात उष्णता टिकतच नाही. तो चार-पाच फूट उंच करावा, भाताचे तूस व वाळलेला पाला सढळ हाताने मिसळावा, मासळी मधोमध पुरून वर तयार खताचा थर द्यावा. ढिगाच्या पोटात तापमान ५५ अंशांवर गेले आणि पालटल्यावरही पुन्हा चढले, तरच रोगजंतू व तणांचे बी मरते. जाळला जाणारा पाला आधी थांबवा.

सागरगोटा :
जवळच्या काथ्या कारखान्यातील भुसा फुकट मिळतो. तुसाऐवजी तो चालेल का? शिवाय कल्चरचे अजून कोणीच सांगितले नाही.

तांबडी माती :
तो भुसा पाणी चांगले शोषतो, पण फार सावकाश कुजतो आणि दबून बसतो. म्हणून एकटा न वापरता पाल्यासोबत वापरावा. कल्चरऐवजी आपल्याच शेडमधले चांगले कुजलेले खत मिसळले तरी पुरते.