मदत हवी आहे: कराटे क्लासची परवानगी पार्किंगवरून अडलीये

बेल्टवाली
पटकन सांगा कोणीतरी, डोकं फिरलंय. क्लाससाठी जागा बघितली, भाड्याचं बोलणं झालं, मॅट्सची ऑर्डरही देऊन बसले आणि आता म्हणतात पार्किंग पुरत नाही, संध्याकाळी रस्त्यावर गर्दी होईल. 16 गाड्यांची जागा पाहिजे, आहे 9 ची. अहो पोरं येणार कराटेला, ती काय स्वतः गाडी चालवत येणारेत का?? पुढच्या गुरुवारी हिअरिंग आहे. तिथे बोलायचं काय?

सदाशिवपेठी
फ्लॅट आहे का दुकान? भोगवटापत्रावर काय वापर लिहिलाय ते आधी बघा. राहत्या जागेत क्लास काढलात तर एमआरटीपी (नगररचना) कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते. 2020 पासून मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच युडीसीपीआर (बांधकाम नियमावली) आहे, पार्किंगचं कोष्टक त्यातच मिळेल. आर्किटेक्ट गाठा. सोसायटीची एनओसी घेतलीत का?

घोडबंदर
सोसायटीवरून आठवलं. आमच्याकडे बिल्डरने स्टिल्टमधलं पार्किंग विकलंय, 2010 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ते विकता येत नाही, तरी चेअरमन म्हणतो पावती दाखवा. काय करावं?

सदाशिवपेठी
वेगळा धागा काढा.

बेल्टवाली
सोसायटी बिसायटी काही नाहीये हो. वेअरहाऊसच्या रांगेतला एक गाळा आहे, 3200 स्क्वेअर फूट. एका बाजूला टाइल्सचं गोडाऊन, दुसऱ्या बाजूला केक करणारी बाई. झोनिंग बोर्डापुढे जायचंय, कुठल्या भागात काय चालवता येतं ते बघणारं.

एडिसनकर
झोनिंग बोर्ड म्हणजे अमेरिका. कुठलं राज्य? तिकडे नुसता राज्यागणिक नाही, गावागणिकही नियम बदलतो.

बेल्टवाली
न्यू जर्सी. सॉरी, मला वाटलं लिहिलंय.

सदाशिवपेठी
म्हणजे मी कलमं शोधत बसलो ते फुकट. छान.

एडिसनकर
ताई, मग आधी हे सांगा की नुसतं पार्किंग कमी पडतंय की त्या झोनमध्ये क्लासला मुळातच परवानगी नाही? दोन्हीत फार फरक आहे. नुसतं पार्किंग असेल तर सोपं. वापरच बसत नसेल तर यूज व्हेरिअन्स (झोनमध्ये न बसणाऱ्या वापराची खास परवानगी) लागतो आणि त्याला बोर्डाच्या सात मेंबरांतली 5 मतं लागतात, हजर असलेल्यांचं नुसतं बहुमत चालत नाही. 200 फुटांतल्या मालकांना 10 दिवस आधी नोटिसा गेल्यात ना?

बेल्टवाली
नोटिसा वकिलाने पाठवल्यात. वापरपण बसत नाही बहुतेक, इंडस्ट्रियल झोन आहे.

घोडबंदर
वकील आहे तर त्यालाच विचारा की!

बेल्टवाली
तो सहा-सहा मिनिटांचे पैसे लावतो. क्लास एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर आहे म्हणून वकील सक्तीचा, नाहीतर मीच उभी राहिले असते.

कोल्हापुरी_लवंगी
कराटे कशाला, मर्दानी खेळ शिकवा. लाठी-पट्ट्याला मैदान लागतं, पार्किंगचा प्रश्नच मिटला. आमच्याकडे पोरं सायकलवर येतात.

मृदंगी
जानेवारीत मैदानात? बर्फात? 🙂
बेल्टवाली, माझा भरतनाट्यमचा क्लास अशाच गाळ्यात आहे, शेजारच्या गावात. बोर्डाला एकूण मुलं किती याच्याशी घेणं नसतं, एक बॅच सुटताना दुसरी येते ती दहा मिनिटं त्यांना छळतात. सुटलेल्यांचे आईबाप गाडीत बसून फोन बघतायत, नवे आत शिरतायत, एखादा डबल पार्क करून बूट घालतोय. तुमच्या बॅचेस लागोपाठ आहेत का? आत्ता कुठे चालतो क्लास?

बेल्टवाली
चर्चच्या हॉलमध्ये. 5:30, 6:30, 7:30, लागोपाठच. प्रत्येकी 22 मुलं.

मृदंगी
मग वही घेऊन दारात उभ्या राहा आणि दर पाच मिनिटांनी गाड्या मोजा. दोन बॅचमध्ये 15 मिनिटं मोकळी ठेवा आणि ते स्वतःहून सांगा. बोर्ड तसंही अट घालतंच, आपण आधी बोललं की बरं दिसतं. मी हेच केलं.

एडिसनकर
वही ठीक आहे पण वहीने होत नाही. ट्रॅफिक इंजिनिअर आणि प्लॅनर साक्षीला हवेत, नाहीतर वापराच्या मुद्द्यावरच पडाल.

मृदंगी
त्यांनासुद्धा आकडे लागतातच ना? माझ्या इंजिनिअरने माझीच वही वापरली.

एडिसनकर
इंजिनिअर नको असं कोण म्हणतंय, क्रम चुकतोय तुमचा. असो.

घोडबंदर
सगळ्या पालकांच्या सह्यांचं निवेदन द्या. आमच्याकडे चालतं.

एडिसनकर
न्यू जर्सीत बोर्ड सहसा ते धरत नाही, कागदाची उलटतपासणी करता येत नाही म्हणून. दोन पालक स्वतः येऊन बोलू देत.

बेल्टवाली
काल मोजल्या. 6:20 ला 6 गाड्या, 6:28 ला 19 (!!), 6:40 ला 7. एकोणिसातल्या तीन तर रस्त्यावर हॅझर्ड लावून उभ्या. एका बाबांना मीच हात केला तर ते म्हणाले, दोनच मिनिटं, सेन्सेई. म्हणजे बोर्ड अगदीच वेडं नाहीये, हे लिहिताना जिवावर येतंय. 15 मिनिटं मोकळी ठेवली तरी सुटणाऱ्या एका बॅचच्याच 11 होतील असं वाटतं. 9 पुरत नाहीतच.

मृदंगी
टाइल्सवाला किती वाजता बंद करतो?

बेल्टवाली
5 ला! त्याच्या 8 जागा रात्रभर रिकाम्या असतात. आत्ता जाऊन विचारते.

एडिसनकर
तोंडी नको, लेखी घ्या, आणि गाळ्यांचा मालक एकच असेल तर त्याची सही. आणि गुरुवारी पाचच मेंबर आले तर पाचच्या पाच हो म्हणायला लागतील, तेव्हा वकिलाला सांगा की पुढची तारीख मागायची का ते तिथे बघून ठरव.

बेल्टवाली
टाइल्सवाला हो म्हणतोय पण त्याच्या दोन मुलांना फी माफ पाहिजे 😑

घोडबंदर
द्या की, स्वस्तात पडलं. आमचा चेअरमन अजून पावतीच मागतोय.

कोल्हापुरी_लवंगी
मोठ्यांची बॅच असते का हो? कंबर धरलीये माझी.