मदत हवी आहे: फ्युएल प्रेशर सकाळी ३, इंजिन तापलं की दीड!

नमस्कार मंडळी. जुन्या कारला वेबरचा दोन चोकचा कार्बोरेटर आहे. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरायला लागलं, म्हणून इलेक्ट्रिक पंप टाकला. पंप ५ ते ७ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप), वेबरला ३ च्या आसपास पुरतं. म्हणून मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर (रिटर्न नसलेला, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत न पाठवणारा) आणि त्यावरच दाब दाखवणारं, ग्लिसरीन भरलेलं गेज बसवलंय.

सकाळी थंड इंजिन स्लोवर ठेवून ३ लावतो. अर्ध्या तासाने बॉनेट उघडलं की काटा दीडवर. रेग्युलेटरचा स्क्रू पिळून परत ३ करतो. दुसऱ्या दिवशी स्टार्ट मारला की काटा साडेचारवर, गाडीभर पेट्रोलचा वास, कार्बोरेटरच्या तोंडात थेंब टपटपतायत, प्लग काजळीने काळेकुट्ट. कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नवीन टाकला. तो उघड-बंद करणारा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. आता पंप बदलू की रेग्युलेटर?

(गंमत म्हणजे काटा दीडवर असतानाही चढावर गाडी मस्त खेचते.)

उत्तर १:
काही बदलू नका, उत्तर तुमच्या कंसातच आहे. खरंच दीड असतं तर लांब चढावर बाऊल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा होऊन गाडी अडखळली असती. ग्लिसरीनचं गेज तापलं की बंद डबीतला दाब वाढतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तुम्ही त्याचं ऐकून स्क्रू पिळत बसलात. गेजच्या डोक्यावरचं रबरी बूच जरा उचकटा, हवा निघू द्या, मग वाचा. आणि पेट्रोल टपकताना दिसलं की आधी इंजिन आणि पंप बंद, वाचन नंतर.

उत्तर २:
गेज ० ते १५ पीएसआयचंच आहे ना? १०० वाल्यावर ३ म्हणजे नुसता अंदाज.

धागाकर्ता:
१५ चंच आहे. आज बूच उचकटलं, फुस्स झालं आणि काटा दीडवरून सरळ ३ वर! आता पावणेतीनवर ठेवलंय, सकाळचा वास गेला. एकच उरलं: गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी स्टार्ट करताना अजून बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. लाइनीत अडकलेलं पेट्रोल तापून फुगतं आणि नीडल ढकलतं, असं वाटतंय. रिटर्न लाइन टाकून कुणाचा हा त्रास गेलाय का?