मदत हवी आहे: तेल बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलंच कसं?

नमस्कार मंडळी, मी रावेरकडची, बीएस्सीला आहे. आप्पांचं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१० आलं म्हणून आईने शेवभाजीची तर्री बंद केली, भरीतही बिनतेलाचं (ते भरीतच नाही असं आप्पा म्हणतात), तरी रिपोर्ट जैसे थे. पण बागेत घड कापणी चालू असली की दिवसभरात पाच-सहा केळी आणि गोड चहा चालूच असतो, त्याला कोणी काही बोलत नाही.

आता पुस्तकातून मला एवढं कळलं की जास्तीच्या साखरेपासून लिव्हर असिटिल कोए (दोन कार्बनचा तुकडा वाहणारा रेणू) बनवतं, मग दोन-दोन कार्बन जोडत १६ कार्बनचं पामिटिक आम्ल, अशी तीन फॅटी आम्लं ग्लिसरॉलला चिकटली की ट्रायग्लिसराइड, आणि ते व्हीएलडीएलमधून (चरबी वाहून नेणारे कण) रक्तात जाऊन चरबीच्या पेशीत साठतं.

अडलंय इथे, असिटिल कोए मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतलं ऊर्जाघर) थेट बाहेर का येत नाही, सायट्रेट होऊनच का येतं? आणि साखळी वाढवायला वापरलं जाणारं मॅलोनिल कोए तीन कार्बनचं, मग साखळी दोननेच कशी वाढते, तिसरा जातो कुठे? कोणी सोप्या भाषेत सांगा ना, आप्पांनाही समजवायचंय, नुसतं केळी कमी करा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत.