मदत हवी आहे: आम्लाच्या ड्रमांची यूएन चाचणी कुठे करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. बॅटरीचं पातळ सल्फ्युरिक आम्ल (संयुक्त राष्ट्रांच्या म्हणजे यूएनच्या धोकादायक मालाच्या यादीत क्रमांक २७९६, पॅकिंग ग्रुप दोन म्हणजे मध्यम धोक्याचा माल) पहिल्यांदाच समुद्रमार्गे पाठवायचंय. पुरवठादाराचे निळे ड्रम आले, काल एकेक फिरवून यूएन चाचणीचा शिक्का वाचला: १एच१/वाय १.२/१००, म्हणजे १.२ घनतेपर्यंतच्या द्रवासाठी. आमच्या आम्लाची घनता १.३५! म्हणजे हा ड्रम आमच्या मालासाठी तपासलेलाच नाही. पुरवठादार म्हणतो, "चालतं हो, सगळे वापरतात." मला ते पटत नाही. आम्ल सांडलं तर बोटीवरच्या माणसांचे हात भाजतील.

चाचणीत भरलेला ड्रम उंचावरून पाडतात. पाणी भरून ती केली तर १.२ वरच्या घनतेसाठी पाडण्याची उंची वाढते, आमच्यासाठी ती १.४ मीटर धरावी लागेल. तेही ड्रम उणे १८ अंशांवर थंड करून. शिवाय ४० अंशांत २८ दिवस थर रचून ठेवायचे, म्हणजे महिना तिथेच गेला.

जास्त घनतेचा शिक्का असलेले ड्रम गोव्यात किंवा बेळगावला तयार मिळतात का? की मुंबईला भारतीय पॅकेजिंग संस्थेकडेच नमुने पाठवावे लागतील? किती ड्रम लागतात, खर्च साधारण किती? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.