मदत हवी आहे: शाळेच्या परसबागेत वांग्यांना अळी, औषध मारायचं नाही

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या (जि. सातारा) एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळेमागे अर्ध्या गुंठ्याची परसबाग आहे. पाचवी ते सातवीच्या पोरांनी गट पाडून वाफे वाटून घेतलेत. वांगी, भेंडी, गवार, मेथी आणि कुंपणाला शेवगा आहे. जेवणानंतर ताटं धुतलेलं पाणी चारीनं बागेत सोडतो, त्यावर बरंचसं भागतं. भाजी पोषण आहारात शिजते, म्हणून रासायनिक औषध नको असं पोरांनीच ठरवलंय.

आता वांग्याचे शेंडे माना टाकायला लागलेत. फळ वरून तुकतुकीत दिसतं आणि चिरलं की आत अळी. शेण-गोमूत्राचं जीवामृत देतोय, नुसतं गोमूत्र फवारून झालं, काही फरक नाही. त्यात भांडण निराळंच. सातवीचा गट रोज झाड न् झाड बघतो, पाचवीची पोरं पाणी घालून पळतात. "त्यांच्या वाफ्यातली अळी आमच्यात येते," म्हणून सातवीवाले चिडलेत. एकानं विचारलंही, "गुरुजी, एकदाच मारू की, कुणाला कळतंय?"

तर अळीवर काय करावं? एक पालक तंबाखूचा काढा फवारा म्हणतात, तो चालेल का? आणि दिवाळीच्या सुट्टीत पाण्याचं काय? जाणकारांनी सांगावं.

बांधावरून

गुरुजी, ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि आतून भोक बुजवते. मग वरून गोमूत्र मारा नाहीतर दुकानातलं महागडं औषध, तिच्यापर्यंत पोचत नाही. जीवामृत हे जमिनीसाठी, अळीशी त्याचा संबंध नाही.

सुकलेला शेंडा भोकाच्या खाली बोटभर अंतरावर कापायचा. किडकी फळंही तोडायची. हे सगळं खतखड्ड्यात टाकू नका, तिथं कोष होऊन पतंग बाहेर पडतात. जाळा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. खाली पडलेला पालाही गोळा करा, कोष त्यातच असतात.

सातवीची पोरं बरोबर बोलतायत. एक वाफा सुटला की बाकीच्यांची मेहनत वाया. पाणी, खुरपणी गटागटानं राहू दे, पण शेंडे तोडायला आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी सगळ्या पोरांनी सगळे वाफे फिरायचे. माझा वाफा, तुझा वाफा काही नाही. सोबत वांग्याच्या अळीचा कामगंध सापळा लावा, मादीच्या वासाला भुलून त्यात नर पतंग अडकतात. एवढ्याशा जागेत एकदोन सापळे पुरे.

रसायनवाली_ताई

तंबाखूचा काढा अजिबात नको, सर. त्यातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. पोरांच्या हातात ते देणं म्हणजे दुकानातली बाटली देण्यासारखंच. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू वांग्या-टोमॅटोलाही लागू शकतो. दशपर्णीचंही तेच. कण्हेर, धोतरा, एरंड घालून केलेला अर्क सेंद्रिय असला तरी विषारीच. मोठ्यांनी करावा, मोठ्यांनीच फवारावा.

निंबोळी अर्क त्यातल्या त्यात बरा. 10 लिटरसाठी अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, 20 ग्रॅम साबणाचा चुरा घालून पाणी 10 लिटर करायचं. उन्हात त्याचा गुण जातो, म्हणून संध्याकाळी फवारा. आत शिरलेल्या अळीला तो काही करणार नाही, नव्यांना थोडा आवर बसेल. फवारताना तुम्हीच पंप धरा, तोंडाला रुमाल बांधा.

कोरडवाहू

पोरांच्या बागेत वांगं घेतलंच कशाला म्हणतो मी! याच अळीपायी बीटी (जनुक बदललेलं) वांगं तयार केलं, 2010 मध्ये सरकारनं त्यावर स्थगिती आणली, आणि अळी आहे तिथंच आहे. चवळी, अंबाडी, शेवगा लावा आणि निवांत राहा.

सुट्टीचं सांगतो. बिनरंगाची मातीची मडकी झाडांच्या मधे गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून तोंडावर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरतं, रोज यायची गरज नाही. वाफ्यावर पाचट पसरा. मेथी सुट्टीआधी काढून घ्या, नवी आल्यावर टाका. मडकी भरायला शाळेजवळच्या वस्तीवरची पोरं नेमा. आणि कुंपणाची भोकं आधी बुजवा, कारण दिवाळीत उन्हापेक्षा शेळ्या जास्त खातात.

माणदेशी_मास्तर

सर्वांचे आभार. कोरडवाहू दादा, वांगी पोरांनी मतदान घेऊन निवडलीत, भरल्या वांग्यापुढं अंबाडीचं काही चाललं नाही.

आज शेंडे तोडून झाले. बादली भरली. अळी मोजायला लावलं तर पाचवीवाले आता आपणहून सातवीच्या वाफ्यात घुसतायत, त्यावरून नवं भांडण. तंबाखूवाल्या पालकांना ताईंचं उत्तर वाचून दाखवलं, "बरं बाबा" म्हणाले. मडकी कुंभारवाड्यातून आणायची आहेत, चिरलेली स्वस्तात मिळतील म्हणे.

सापळ्याचं तेवढं सांगा. कृषी सेवा केंद्रात नुसता कामगंध सापळा मागितला तर चालेल ना?

बांधावरून

चिरलेली मडकी घेऊ नका, एका दिवसात रिकामी होतील.

सापळा मागताना वांग्याच्या शेंडे-फळ पोखरणाऱ्या अळीचं ल्युअर (वासाचं आमिष) असं स्पष्ट सांगा. नाहीतर बोंडअळीचं हातात देतील आणि तुमचा एकही पतंग येणार नाही. वॉटर ट्रॅप घ्या, पाण्यात थोडा साबण टाका, झाडाच्या शेंड्याच्या उंचीला बांधा आणि झाडं वाढतील तसा वर घ्या. ल्युअर पाकिटावरच्या मुदतीत बदला. बसवताना हात धुतलेले असू द्यात, आणि त्या तंबाखूवाल्या पालकांना नका बसवायला सांगू!