कोर्तेस की टिम हिल? बूनची दहावी इनिंग आणि यांकीजची संघनिवड

ब्रॉन्क्सकर

१ नोव्हेंबर २०२५ ला टोरोंटोत वर्ल्ड सीरिजच्या (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) सातव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) यामामोतो बुलपेनमधून (राखीव पिचर जिथे सज्ज होतात तिथून) मैदानात आला. आदल्याच रात्री त्याने ९६ चेंडू टाकले होते. सगळे त्याच्या हिमतीबद्दल बोलत होते, माझ्या डोळ्यांसमोर मात्र २०२४ चा यांकीजचा पिचर नेस्टर कोर्तेस उभा राहिला. म्हणून हा वाद इथे मांडतो: यांकीजचा मॅनेजर बून याने त्या रात्री टिम हिलऐवजी कोर्तेसला आणलं ते बरोबर होतं का?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ ऑक्टोबर २०२४, डॉजर स्टेडियम, डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना. दहाव्या इनिंगमध्ये जॅझ चिझमने दुसरा आणि तिसरा असे दोन बेस चोरले, व्होल्पीच्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) तो घरी आला आणि यांकीज ३-२ ने पुढे गेले. खालच्या अर्ध्यात, डॉजर्सच्या बॅटिंगला, यांकीजच्या जेक कझिन्सने एक आउट काढला, मग लक्सला वॉक (चार बॉल पडून फुकटचा पहिला बेस) दिला आणि एडमनने इनफिल्ड सिंगल घेतली. पहिल्या-दुसऱ्या बेसवर माणसं, समोर ओहतानी. बुलपेनमध्ये दोन डावखुरे तयार होते. एक टिम हिल, जो प्लेऑफभर टाकत होता आणि ज्याचं कामच ग्राउंडर काढणं आहे. दुसरा कोर्तेस, जो कोपराच्या दुखण्यामुळे १८ सप्टेंबरनंतर एकाही सामन्यात उतरला नव्हता.

बूनने कोर्तेसला बोलावलं. पहिल्याच चेंडूवर ओहतानीचा फाउल उडाला आणि व्हर्डुगोने डावीकडच्या कठड्यावरून प्रेक्षकांत कोसळत तो झेलला. मग बेट्सला मुद्दाम वॉक. मग फ्रीमनला पहिला चेंडू, ९२ मैलांचा फास्टबॉल, आतल्या बाजूला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातला पहिला वॉक-ऑफ ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना सामना तिथेच संपवणारा होमर), ६-३. मुद्दाम दिलेल्या वॉकला हल्ली चेंडू टाकावे लागत नाहीत, त्यामुळे कोर्तेसने त्या रात्री एकूण दोनच चेंडू टाकले.

माझा राग कोर्तेसवर अजिबात नाही. तो मागे हटला नाही, चेंडू मागितला आणि टाकला. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. एएलडीएस आणि एएलसीएसच्या (वर्ल्ड सीरिजआधीच्या दोन फेऱ्यांच्या) यादीत तो नव्हता. वर्ल्ड सीरिजसाठी त्याला २६ जणांत घेतलं, तेव्हा नेमकं कोणत्या कामासाठी घेतलं? पाच आठवड्यांनी परत येणाऱ्या स्टार्टरला (एरवी सामना सुरू करणाऱ्या पिचरला) द्यायचं काम म्हणजे मुख्य पिचर लवकर कोसळला तर मधल्या दोन-तीन इनिंग सांभाळणं. बेसवर माणसं असताना, एका धावेची आघाडी राखायला, ओहतानी-बेट्स-फ्रीमनसमोर त्याचं पहिलं पुनरागमन करायचं हा न्याय नव्हे. ना संघाला, ना त्याला.

डाव्याहाती_सातारा

ब्रॉन्क्सकर, निकाल बाजूला ठेवून निर्णय बघा अशी विनंती.

२०२० पासून नियम आहे की नवा पिचर आला की त्याने किमान तीन बॅटर तरी घ्यायचे, किंवा इनिंग संपवायची. म्हणजे बूनला फक्त ओहतानीपुरता माणूस निवडायचा नव्हता, त्याला डावा, उजवा, डावा अशा ओळीने तिघांसाठी निवडायचा होता. त्याने सामन्यानंतर कारणही दिलं होतं. ओहतानी इतका पळतो की हिलने ग्राउंडर काढला तरी डबल प्ले (एका फटक्यावर दोन आउट) मिळणं कठीण, आणि मग मागे बेट्स, ज्याच्यासमोर हिल अडचणीत. हे कारण मला आजही पटतं. हिल बाजूने हात फिरवून सिंकर टाकतो, डावखुऱ्यांना त्रास होतो, पण उजव्या बॅटरला तो चेंडू हातातून सुटल्यापासून दिसतो. कोर्तेसकडे कटर आहे, उजव्यांना आत घुसवता येतो. स्टार्टर असल्याने त्याला दोन्ही बाजूंच्या बॅटरांची सवय आहे.

आणि ओहतानीला त्याने एका चेंडूत काढलं! त्या वर्षी ५४ होमर आणि ५९ चोरलेले बेस असलेला माणूस. ज्या कामासाठी आणला ते काम झालं. व्हर्डुगो झेल घेऊन कठड्यापलीकडे गेला म्हणून नियमाने दोन्ही धावपटूंना एकेक बेस मिळाला, पहिला बेस रिकामा झाला आणि बेट्सच्या वॉकचा प्रश्न उभा राहिला. तो कोलमडला नसता तर कोर्तेस विरुद्ध बेट्स झालं असतं, दोन आउट, आणि हा धागा निघाला नसता.

फ्रीमनचं म्हणाल तर त्याचा घोटा मुरगळलेला. त्या रात्रीपर्यंत त्या पोस्टसीझनमध्ये त्याच्या नावावर एकही एक्स्ट्रा-बेस हिट (एकापेक्षा जास्त बेस देणारा फटका) नव्हती. त्याच्याविरुद्ध डावखुरा पिचर उभा करणं हे पुस्तकातलं बेसबॉल आहे.

मृणाल_जर्सीसिटी

सातारकर, “त्या रात्रीपर्यंत” म्हणालात ते बरं केलंत. कारण त्याच रात्री पहिल्याच इनिंगमध्ये फ्रीमनने आमच्या स्टार्टर गेरिट कोलला ट्रिपल मारली होती. दुखऱ्या घोट्याने तिसऱ्या बेसपर्यंत पळाला. म्हणजे दहाव्या इनिंगला समोर कोण उभा आहे हे यांकीजच्या डगआउटने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

डबल प्लेचं गणितही अर्धंच मांडलंय. डबल प्ले नाही झाला तरी ग्राउंडरवर एक आउट मिळतोच. समजा दुसऱ्या बेसकडे येणारा धावपटू आउट केला, तर पहिल्या आणि तिसऱ्यावर माणूस, दोन आउट, बेट्स समोर. ही परिस्थिती वाईटच. पण बेस भरलेले असताना फ्रीमनला थंड पिचरकडून फास्टबॉल, यापेक्षा वाईट? मला नाही वाटत.

मुख्य म्हणजे “थंड” हा शब्द. सरावात समोर बॅटर उभा करून टाकणं वेगळं, आणि पन्नास हजारांवर लोक उभे राहून ओरडत असताना, चूक झाली तर सामना तिथेच संपणार अशा क्षणी टाकणं वेगळं. फ्रीमनला पडलेला चेंडू आत हवा होता तेवढा आत गेला नाही. ती दोन-चार इंचांची शिस्त सामने खेळून येते.

निळी_टोपी_पासाडेना

डॉजर्सचा माणूस आहे, राग मानू नका. पण या चर्चेत फ्रीमनला श्रेय कुठे आहे? तो पहिल्या चार सामन्यांत रोज एक होमर मारत होता, सीरिजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला. त्या चौघा पिचरांपैकी एकालाही त्याला थोपवता आलं नाही, तर कोर्तेसच्या जागी हिल असता म्हणून काय झालं असतं? १९८८ ला याच मैदानावर, पहिल्याच सामन्यात, लंगडणाऱ्या कर्क गिब्सनने एकर्स्लीला मारलेला होमर आजही दाखवतात. एकर्स्ली तर तेव्हाचा सर्वोत्तम क्लोजर (शेवटची इनिंग राखणारा पिचर) होता, आणि रोजच्या कामातला. मोठ्या क्षणी मोठा बॅटर जिंकतो, तिथे दरवेळी मॅनेजरची चौकशी लावायची गरज नाही.

आणि स्टार्टरला रिलीफला (मधेच बदली म्हणून) आणणं ही चूक असेल तर आमचा मॅनेजर रॉबर्ट्स याने काय केलं? त्याच सीरिजच्या पाचव्या सामन्यात ट्रायनेनकडून ४२ चेंडू टाकून घेतले आणि नववी इनिंग वॉकर ब्यूलरला दिली, जो एका दिवसाच्या विश्रांतीवर होता. ७-६ ने सामना आणि सीरिज खिशात. २०२५ च्या सातव्या सामन्यात तर ओहतानी, ग्लासनाऊ, स्नेल, यामामोतो असे चार स्टार्टर एकाच दिवशी वापरले.

ब्रॉन्क्सकर

निळी टोपी, राग कसला, उलट तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. ब्यूलरने २८ ऑक्टोबरला तिसरा सामना टाकला, पाच इनिंग, एकही धाव नाही. दोन दिवसांनी तो परत आला. २०२५ ला यामामोतोने सहावा सामना सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी सातवा संपवला. स्नेलने पाचवा सुरू केला होता. हे सगळे थकलेले होते, पण थकलेला हात आणि गंजलेला हात यात फरक आहे. थकलेल्या पिचरचा वेग कमी होतो, चेंडू कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं. पाच आठवडे बसलेल्याचा वेग शाबूत असतो आणि नेम जातो.

यामामोतोनेसुद्धा आल्या आल्या टोरोंटोच्या कर्कच्या अंगावर चेंडू घातला हे विसरू नका. बेस भरले, एक आउट, ४-४ बरोबरी. रोहासने तोल जाता जाता होम प्लेटवर फेकून एक वाचवला आणि पाहेसने किके हर्नांडेझच्या अंगावरून झेल घेऊन दुसरा. तिथे नशीब तुमच्या बाजूने होतं. पण त्याला सावरायला पुढचे चेंडू मिळाले, आणि त्याचा हात चालू होता म्हणून तो अकराव्यापर्यंत टिकला.

एफसी_रोड

मी क्रिकेटवाला, बेसबॉल भाच्यामुळे बघायला लागलो. एक बाळबोध शंका. त्या सामन्यात गेरिट कोल चांगला टाकत होता ना? मग दहाव्या इनिंगला त्यालाच परत का नाही आणला? आपल्याकडे बुमराला पहिला स्पेल देऊन शेवटच्या षटकांसाठी राखून ठेवतात.

मृणाल_जर्सीसिटी

एफसी रोड, इथे बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. पिचर असो की कुणी. म्हणूनच “केव्हा काढायचं” यावर इतकं रक्त आटतं. कोलला सातव्या इनिंगच्या सुरुवातीला काढलं, ८८ चेंडूंवर, एकच धाव दिलेली असताना. यांकीज तेव्हा २-१ ने पुढे होते. त्याच्यामागे होम्स, केनली, वीव्हर, मग कझिन्स. आठव्यात ओहतानीची डबल, फेक हुकली म्हणून तिसरा बेस, बेट्सचा सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी धावपटू घरी येतो असा फटका), बरोबरी. वीव्हर हा त्यांचा सर्वात भरवशाचा माणूस, त्याला नवव्यानंतर थांबवलं. कोल आणखी एक इनिंग टिकला असता तर वीव्हर दहाव्याला उरला असता, आणि कोर्तेसचा प्रश्नच आला नसता.

वैदेही_केंब्रिज

रेड सॉक्सची आहे, त्यामुळे “आणखी एक इनिंग” हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. २००३, एएलसीएसचा सातवा सामना, यांकी स्टेडियम. आम्ही आठव्या इनिंगमध्ये ५-२ ने पुढे. आमचा मॅनेजर ग्रेडी लिटल याने पिचर पेड्रो मार्टिनेझला काढलं नाही, १२३ चेंडू टाकू दिले. बरोबरी झाली. दहाव्यात आम्ही टिम वेकफिल्डला आणलं, तो एरवी स्टार्टर, आणि अकराव्यातल्या त्याच्या पहिल्याच चेंडूवर होमर मारून आम्हाला घरी पाठवणारा माणूस म्हणजे आरन बून. हाच बून. स्टार्टरला जादा इनिंगमध्ये आणलं की एका चेंडूवर काय होऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं?

पण कोलच्या बाबतीत मी बूनच्या बाजूने आहे. त्या वर्षी कोपरामुळे कोल जूनपर्यंत मैदानात उतरलाच नव्हता, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. इनिंगची पहिलीच हिट पडल्यावर त्याला थांबवणं योग्यच होतं. होम्सने ती इनिंग धाव न देता सोडवलीही.

डाव्याहाती_सातारा

वैदेहीताई, मग २०२० चं काय? टॅम्पाचा मॅनेजर केविन कॅश, डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना, १-० ची आघाडी. तेव्हा टॅम्पाकडे असलेल्या स्नेलने ७३ चेंडूंत दोनच हिट दिल्या होत्या, नऊ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. कॅशने त्याला काढलं, निक अँडरसन आला, बेट्सने डबल मारली आणि सीरिज गेली. त्याला काढलं म्हणून कॅशला शिव्या, पेड्रोला ठेवलं म्हणून लिटलला शिव्या. लिटलची तर नोकरी गेली. मॅनेजरने करायचं काय? आपण निकाल लागल्यावर बोलतो, त्यांना आधी ठरवावं लागतं.

वैदेही_केंब्रिज

त्या दोन्ही चुका एकच आहेत, सातारकर. दोघांनीही समोरच्या पिचरकडे पाहिलं नाही. पेड्रो दमलेला दिसत होता, लिटलने नावाकडे पाहिलं. स्नेल बहरात दिसत होता, कॅशने आधी ठरवलेल्या आराखड्याकडे पाहिलं. बूनने कोर्तेसच्या बाबतीत सरावाकडे पाहिलं, कारण पाहायला सामना नव्हताच.

निळी_टोपी_पासाडेना

एक गोष्ट कुणी बोललं नाही. बेट्सला वॉक देणं ही त्या इनिंगमधली खरी चूक होती. दोन आउट होते. बेट्सशी खेळले असते तर वॉक पडला तरी धाव जात नव्हती. बेस भरल्यावर फ्रीमनला चार बॉल पडले की बरोबरी. नेम चुकण्याची ज्याची भीती आहे त्याच पिचरसाठी तुम्ही चुकायला जागा ठेवली नाही. मग पहिला चेंडू स्ट्राइक झोनमध्येच येणार हे फ्रीमनला कळणारच.

ब्रॉन्क्सकर

हे मान्य, आणि त्यातून माझा आक्षेप आणखी पक्का होतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्तेसला मिलवॉकीला देऊन डेव्हिन विल्यम्स घेतला. २९ मार्च २०२५ ला कोर्तेस यांकी स्टेडियममध्ये परतला आणि त्याच्या पहिल्या तीन चेंडूंवर गोल्डश्मिट, बेलिंजर, जज असे तीन होमर. आमचे लोक उड्या मारत होते, मला ते बघवलं नाही. २०२२ चा ऑल-स्टार आहे तो, दोन चेंडूंसाठी ओळखला जावा असा पिचर नव्हे.

माझी मागणी साधी आहे. ऑक्टोबरच्या यादीत दुखापतीतून येणारा पिचर घ्यायचा असेल तर त्याला आधी मोकळ्या बेसवर, इनिंगच्या सुरुवातीला एकदा तरी उतरवा. तशी संधी मिळाली नाही तर आघाडी राखायच्या वेळी त्याचा फोन वाजायला नको.

डाव्याहाती_सातारा

पहिल्याच सामन्यात अशी संधी आधी मिळणार कुठून? तुमच्या नियमाने कोर्तेस यादीत असून नसल्यासारखा, मग ती जागा वाया. त्यापेक्षा सरळ म्हणा की त्याला घ्यायलाच नको होतं, त्यावर वाद घालू. आणि तेव्हा हेही सांगा की ओहतानी, मन्सी, फ्रीमन अशा डावखुऱ्यांनी भरलेल्या संघाविरुद्ध सात सामने हिलच्या भरवशावर कसे काढले असते.