मयताचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर, आई नको म्हणते: घरच्यांच्या हातात काय आहे? (नागपूर)

मानेवाडा_रिंगरोड:

नमस्कार मंडळी. शेजारच्या घरचा प्रश्न आहे, त्यांना विचारूनच टाकून राहिलो. नाव, वस्ती, तारीख मुद्दाम लिहीत नाही.

24 वर्षांचा मुलगा रात्री गाडीवरून येताना उघड्या चेंबरमध्ये पडून गेला. माती झाली त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. मधोमध मुलाचा फोटो, वर चार नेते, खाली "अमर रहे". दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीचा लागला, "मृत्यूचे राजकारण करणाऱ्यांचा जाहीर निषेध". त्यातही फोटो त्याचाच. आता तेरवीच्या आत संविधान चौकात श्रद्धांजली सभा ठेवली आहे आणि आईला स्टेजवर बसवायचं म्हणतात. आई साफ नको म्हणते. वडील म्हणतात, यांना तोडलं तर भरपाईसाठी कोण धावेल? पोलिसांचे आणि दवाखान्याचे मूळ कागद एक कार्यकर्ता "करून देतो" म्हणून घेऊन गेला आहे.

फ्लेक्स कसा उतरवायचा, फेसबुकवर फिरणाऱ्या फोटोचं काय करायचं आणि सभेला नाही कसं म्हणायचं, हे सांगा. भावनिक सल्ला नको, तो घरी भरपूर मिळून राहिला.

कागद_आधी:

सुरुवात वडिलांच्या प्रश्नापासून करा, बाकी सगळं त्यालाच लटकलं आहे. भरपाई कोणाच्या तरी ओळखीने मिळते असं वाटतं तोवर घरचं कोणीच मोकळेपणी नाही म्हणू शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा 13 ऑक्टोबर 2025 चा आदेश आहे. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये, जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत रक्कम ठरवणारी समिती म्हणजे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून 6 ते 8 आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 9 टक्के व्याज. यात कुठेही कोणाचं शिफारसपत्र लागत नाही.

अर्ज आईच्या नावाने करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार बाईला उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो. कार्यालय सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. दुसरा अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे द्या, त्याचीही पोच घ्या.

सोबत लागणारे कागद: मर्गची (अकस्मात मृत्यूची) नोंद किंवा एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि नातं दाखवणारं रेशनकार्ड, रद्द केलेला चेक. एफआयआर आहे की नुसता मर्ग, हे आजच ठाण्यात विचारा. नुसता मर्ग असेल तर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1), नोंदवण्याचा लेखी अर्ज द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जागेच्या पुराव्याचं. माणूस गेल्यावर त्या चेंबरवर रातोरात झाकण बसतं, कडेने बॅरिकेड लागतात आणि पंचनाम्यात "झाकण सुस्थितीत" असं येऊ शकतं. आजूबाजूच्या दुकानांचे, घरांचे कॅमेरे तपासा. बरीच रेकॉर्डिंग 15 ते 30 दिवसांत आपोआप पुसली जाते, म्हणून ती जपून ठेवण्याबद्दल ठाण्याला आणि दुकानदाराला लेखी द्या. फोटो काढताना विजेच्या खांबाचा नंबर किंवा मेट्रोचा पिलर नंबर चौकटीत येऊ द्या. नाहीतर पुढे "ही जागा आमच्या हद्दीतली नाही, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) आहे" असं पत्र येतं आणि सहा महिने त्यातच जातात.

मूळ कागद परत मागा. भांडू नका, "वकिलाला दाखवायचे आहेत" एवढंच पुरेसं आहे. नाही दिले तर अडून बसू नका, ठाण्यातून आणि दवाखान्यातून दुसरी प्रत निघते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही कोणी केली आहे का, ते मात्र आजच घरात विचारा.

फलक_आणि_फोटो:

फ्लेक्स स्वतः उतरवू नका. रात्री कोणी फाडला की सकाळी तीच बातमी होते, आणि नाव समोरच्या पार्टीचं येतं.

आधी फोन. फ्लेक्सवर सगळ्यात खाली "शुभेच्छुक" म्हणून ज्याचं नाव आहे त्याला नव्हे, सगळ्यात वर ज्याचा चेहरा आहे त्याच्या कार्यालयात. वडिलांनी किंवा मामांनी दोनच वाक्यं बोलायची: फोटो आमच्या संमतीशिवाय लावला आहे, उद्या दुपारपर्यंत उतरवा. माझ्या मते दहातले बहुतेक फलक इथेच उतरतात, कारण "कुटुंबाने नकार दिला" ही बातमी कोणालाच नको असते. दोन्ही पार्ट्यांना एकाच तासात फोन करा. एकीला सकाळी आणि दुसरीला संध्याकाळी केला की मधल्या वेळात पहिली बोंबलते.

नाही ऐकलं तर महापालिका. तुमचं झोन बघा (मानेवाड्याचा बराच भाग हनुमाननगर झोनमध्ये येतो, तरी खात्री करा) आणि सहायक आयुक्तांकडे तक्रार द्या, प्रत उपद्रव शोध पथकाला. तक्रारीत दुःखाबद्दल एक ओळही नको. "फलकावर परवानगी क्रमांक व मुदत नाही" एवढंच लिहा, लोकेशनसह फोटो जोडा. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा 1995 खाली 3 महिने कैद किंवा 2 हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाला कोणी भीत नाही, पण अनधिकृत फलकांवर उच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिलेल्या निकालामुळे लेखी तक्रार आली की अधिकाऱ्याला गप्प बसणं अवघड जातं.

फेसबुकचा रस्ता वेगळा आहे, आणि इथे बहुतेक लोक चुकीचं दार ठोठावतात. "मयताच्या खासगीपणाचा भंग" अशी नोटीस पाठवू नका. खासगीपणाचा हक्क माणसासोबत संपतो, असंच उच्च न्यायालयं सांगत आली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणात वडिलांची मागणी याच मुद्द्यावर नाकारली. त्याऐवजी तो फोटो काढला कोणी ते शोधा. बहिणीने मोबाईलवर काढला असेल तर कॉपीराइट तिचा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, ज्याने काढून घेतला त्याचा. फेसबुक, इन्स्टाग्रामवर कॉपीराइटच्या तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म असतो: मूळ फोटो, पोस्टची लिंक, आपलं नाव. दुसऱ्या कुठल्याही तक्रारीपेक्षा पोस्ट लवकर खाली येते. वर्तमानपत्रांवर हे चालणार नाही, चालू घडामोडींच्या बातमीला कायद्यात सूट आहे.

फोटो बहुधा त्याच्याच प्रोफाइलवरून उचलला आहे. मृत्यूचा दाखला जोडून ते खातं स्मृतिखातं करून घ्या किंवा घरच्यांना नको असेल तर काढून टाका. त्याआधी आतले फोटो उतरवून ठेवा, काढल्यावर परत मिळत नाहीत.

"कुटुंब आमच्यासोबत आहे" असं कोणी खोटं लिहिलं तर ती तुमची, जिवंत माणसांची तक्रार आहे, आणि जास्त मजबूत आहे. मुलगा दारू पिऊन होता वगैरे कोणी पसरवलं, तर न्याय संहितेच्या कलम 356 च्या पहिल्या स्पष्टीकरणात मयताची बदनामीही येते, जर ती घरच्यांचं मन दुखवण्यासाठी केली असेल.

जुना_मोर्चेकरी:

थांबा जी. सगळे आंदोलनवाले गिधाडं आहेत असा सूर लागून राहिला इथं.

23 नोव्हेंबर 1994 घ्या. हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा, चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. घरोघरी नुसतं खासगी दुःख म्हणून राहिलं असतं तर ते 114 वेगवेगळे मर्ग झाले असते. लोक रस्त्यावर आले म्हणून तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांना राजीनामा द्यावा लागला, झिरो माईलजवळ स्मारक झालं, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव मिळालं. आता दुसरी बाजूही मीच सांगतो. दर 23 नोव्हेंबरला पुष्पचक्रं वाहायला सगळे रंग येतात, आणि ज्या मागणीसाठी माणसं गेली (गोवारींना अनुसूचित जमातीचा दर्जा) ती 2018 मध्ये इथल्या खंडपीठात जिंकून डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. फूल वाहणाऱ्यांची संख्या त्याने कमी झाली नाही.

म्हणून कोण आलं यापेक्षा काय मागून राहिले ते पहा. "शहराचे सगळे उघडे चेंबर 15 दिवसांत बंद करा, ठेकेदाराचं नाव जाहीर करा" ही मागणी आहे. "अमुक नेत्याने राजीनामा द्यावा" ही त्यांची आपसातली गोष्ट आहे. पहिल्या मागणीला तुमच्या मुलाचा फोटो लागत नाही, चेंबरचा फोटो पुरतो. खरं काम करणारे या अटीवरही काम करतात, आणि जे करत नाहीत ते तिथंच कळतात.

"मागण्या मान्य होईपर्यंत मयत ताब्यात घेणार नाही" हे इथं झालं नाही ते बरं. ज्यांच्यावर ती वेळ येईल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: जागेवर हजर अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने देता येईल तेवढंच मागायचं. एफआयआर, चौकशीचं लेखी पत्र, समितीची तारीख. सरकारी नोकरी आणि 50 लाख ठाणेदार देऊ शकत नाही, मग बोलणी लांबतात, मे महिन्यातल्या उन्हात मेयो किंवा मेडिकलच्या शवागाराबाहेर आई बसून राहते आणि निर्णय भलतेच घेतात. राजस्थानात 2023 च्या कायद्याने मयत घेऊन आंदोलन करणं गुन्हा केलं, घरच्यांनाही 2 वर्षांपर्यंत शिक्षा. मला तो कायदा सरकारच्या सोयीचा वाटतो. पण असा कायदा आणायला सरकारला तोंड कोणी दिलं, तेही पहावं.

मानेवाडा_रिंगरोड:

कागदाचं आजच हाती घेतो. वडील 6 लाखांचं वाचून गप्प बसले, मग म्हणाले अर्ज आपणच देऊ. सभेचं राहिलं. निवेदन काढायचं तर "आमच्या मुलाच्या मृत्यूचे राजकारण करू नये" असं लिहिलं तर चालेल का?

घाटावरचा_माईक:

नेमकं तेच वाक्य नको. संध्याकाळपर्यंत ते समोरच्या पार्टीच्या फ्लेक्सवर असेल, "कुटुंबाचीच मागणी" म्हणून. ज्यांच्यामुळे चेंबर उघडं राहिलं तेही तेच वाचून दाखवतील. फोटोला नकार द्या, पण जाब विचारणं सोडलं असं कोणालाही म्हणता येऊ नये. निवेदन साधारण असं:

"आमचा मुलगा दि. __ रोजी __ येथे उघड्या चेंबरमध्ये पडून मरण पावला. __ पोलीस ठाण्यात नोंद क्र. __ आहे. जबाबदार व्यक्तींवर कारवाई व कायद्याने मिळणारी भरपाई यांचा पाठपुरावा आम्ही स्वतः करीत आहोत. मुलाचे नाव व छायाचित्र फलक, पत्रक, सभा किंवा समाजमाध्यमांवर वापरण्यास आम्ही कोणालाही संमती दिलेली नाही. कुटुंबाच्या वतीने फक्त श्री. __ बोलतील."

आई आणि वडील दोघांच्या सह्या हव्यात. एकट्या वडिलांची असली तर "आई आमच्यासोबत आहे" असं म्हणायला जागा राहते. पक्षाचं नाव नको, "काही लोक" हा शब्दही नको. प्रत ठाण्यात, झोनमध्ये, सभेच्या आयोजकाला हातोहात. मगच पत्रकारांना.

सभा थांबवायचा कायदेशीर मार्ग नाही, लोकांना जमण्याचा हक्क आहे. तुमच्या हातात फक्त खुर्ची रिकामी ठेवणं आहे. त्या दिवशी घरी गाडी येते, "दोन मिनिटं फक्त चला काकू" म्हणतात, सोबत ओळखीची बाई आणतात. म्हणून त्या संध्याकाळी आईला मावशीकडे काटोलला किंवा कामठीला पाठवा. आजारपणाचं कारण सांगू नका, ते मंचावरून "धक्क्याने अंथरुणाला खिळलेली माता" होऊन बाहेर येतं.

तेरवी असो की बौद्ध घरचं पुण्यानुमोदन, दारावरच एक जाणता बुजुर्ग बसवा. येणाऱ्या नेत्याला अडवायचं नाही, आलेल्या माणसाचा मान ठेवायचा. फक्त फोटोग्राफर बाहेर, माईक नाही, हार फोटोला नाही तर टेबलावर. माईक भाड्याने आणलाच नाही तर भाषण आपोआप दोन मिनिटांत संपतं. मदतीचा चेक घेऊन कोणी आलं तर नाकारू नका, "खाते क्रमांक देतो, त्यात टाका" म्हणा. मोठा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढायची सक्ती कुठल्याही सरकारी योजनेत नाही.

आईचा नंबर आतापर्यंत सगळ्या वाहिन्यांकडे पोचला असेल. सिम बदलू नका, बँक आणि ठाणं त्याच नंबरावर फोन करतात. कॉल मामांच्या फोनवर फॉरवर्ड करा आणि ओटीपी बघायला तो फोन बहिणीकडे ठेवा.